एमएसीडी नक्की मोजतो काय? शेअर चार्ट बघणाऱ्या आपल्या कोकणवाल्यांसाठी धागा

मिऱ्याबंदर:
मंडळी नमस्कार. हा धागा मुद्दाम वेगळा काढतोय कारण हल्ली प्रत्येक व्हॉट्सॅप ग्रुपवर एमएसीडीचे, म्हणजे शेअरच्या भावाच्या दोन सरासऱ्यांमधला फरक दाखवणाऱ्या इंडिकेटरचे, स्क्रीनशॉट फिरतायत, निळी रेघ (एमएसीडी) नारिंगी रेघेला (सिग्नल) कापून वर गेली की गोल काढायचा आणि खाली लिहायचं 'बाय'. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आंब्याचे पैसे येतात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी असते, होड्या वर ओढून शाकारून ठेवल्या की माणसाच्या हातात पैसा पण असतो आणि वेळ पण, आणि नेमकी त्याच वेळी बरीच जण डिमॅट उघडतात. कुणीतरी शिकवलेला पहिला इंडिकेटर हाच असतो. म्हणून तो आतून कसा चालतो ते एकदा नीट मांडतो, मग कोणी कसा वापरायचा ते ज्याचं त्याने ठरवा.

अमेरिकेतल्या जेराल्ड अपेल यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटाला हा आणला. १२ दिवसांची एक्स्पोनेन्शियल सरासरी म्हणजे ईएमए (अलीकडच्या भावांना जास्त वजन देणारी सरासरी) घ्यायची, त्यातून २६ दिवसांची ईएमए वजा करायची, उरलं ते एमएसीडी. या उरलेल्या आकड्याची परत ९ दिवसांची ईएमए काढली की सिग्नल रेघ. आणि खाली जे उभे दांडे दिसतात तो हिस्टोग्राम, तो १९८६ ला टॉमस ॲस्प्रे यांनी जोडला, एमएसीडी वजा सिग्नल एवढंच त्यात असतं. बाकी काही नाही हो आत. व्हॉल्यूम नाही, तिमाही निकाल नाहीत, प्रमोटरने शेअर गहाण ठेवलेत का ते नाही. फक्त बंद भाव.

एकदा वहीवर हाताने करून बघा, मी सगळ्यांना हेच सांगतो. १२ च्या ईएमएला आजच्या भावाचं वजन २ भागिले १३, म्हणजे साधारण १५.४ टक्के. २६ ला २ भागिले २७, म्हणजे ७.४ टक्के. सिग्नलला २ भागिले १०, २० टक्के. समजा काल १२ ची ईएमए ५०० होती, २६ ची ४९०, म्हणजे एमएसीडी १०, आणि सिग्नल ९. आज शेअर ५१३ ला बंद झाला. १२ ची जाते ५०२ वर, २६ ची ४९१.७० वर. एमएसीडी १०.३०, सिग्नल ९.२६, हिस्टोग्राम १.०४. उद्या तोच शेअर ५०२ ला बंद झाला तर? १२ ची ईएमए ५०२ वरच राहते, हलतच नाही, पण २६ ची मागून सरकत ४९२.४६ वर येते. एमएसीडी ९.५४, सिग्नल ९.३२, हिस्टोग्राम ०.२२. भाव ५०२ म्हणजे २६ च्या सरासरीच्या अजून जवळजवळ १० रुपये वर आहे, पण दांडा १.०४ वरून थेट ०.२२. शेअर पडला म्हणून घाबरून विकणारा माणूस हा दांडा बघूनच विकतो.

आता मुख्य गोष्ट. समजा एखादा शेअर रोज बरोबर २ रुपये वाढतोय, न थांबता. १२ ची ईएमए अशा वेळी भावाच्या साडेपाच दिवस मागे चालते आणि २६ ची साडेबारा दिवस मागे. फरक ७ दिवसांचा. म्हणजे एमएसीडी ७ गुणिले २, १४ वर जाऊन स्थिर होतो, सिग्नल पण १४ ला येतो आणि हिस्टोग्राम शून्य. शेअर रोज वाढतोय आणि हिस्टोग्राम शून्य! आता तोच शेअर रोज २ ऐवजी १ रुपयाने वाढायला लागला की एमएसीडी १४ वरून ७ कडे उतरायला लागतो आणि सिग्नलला वरून खाली कापतो. ग्रुपवर लगेच 'सेल'. शेअर मात्र अजून रोज वरच चाललाय.

आंबा घाट चढताना एसटीने गिअर टाकला की वेग कमी होतो, गाडी तरी वरच जात असते, तसंच हे. क्रॉसओव्हर, म्हणजे एमएसीडीने सिग्नलला कापणं, वेग बदलल्याचं सांगतो. दिशा बदलली का हे शून्य रेघ सांगते, कारण एमएसीडी शून्याखाली गेला म्हणजे १२ ची ईएमए २६ च्या खाली गेली.

माझी पद्धत सरळ आहे. आधी वीकली चार्ट, म्हणजे रोजच्याऐवजी आठवड्याचे बंद भाव धरलेला. तिथे एमएसीडी शून्याच्या वर असेल तरच तो शेअर बघायचा. मग डेली चार्टवर तो थोडा थंडावून, सिग्नलच्या खाली जाऊन, परत वर कापतो तेव्हा विचार करायचा. वीकली शून्याखाली असलेल्या शेअरमधला डेलीवरचा 'बाय' मी बघतसुद्धा नाही. बोला आता.

देवगड_बागायत:
दादा, फार छान लिहिलंत, सकाळी कलमांवर फवारणी उरकून आलो आणि हेच वाचत बसलो. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मला दिवसभर चार्ट बघता येत नाही, सीझनमध्ये तर अजिबात नाही, मार्च ते मे पेट्या भरणे, गाडी लावणे यातच दिवस जातो. मला पैसे एकरकमी येतात आणि ते सगळे एकदम टाकायचे की काय हेच कळत नाही. क्रॉसओव्हर जर फक्त वेग सांगतो तर माझ्यासारख्याला त्याचा उपयोग काय? वीकलीवर शून्य कापेपर्यंत शेअर तर कुठच्या कुठे गेलेला असतो.

मिऱ्याबंदर:
उपयोग आहे ना, आणि तुमच्यासारख्याला जास्त आहे. वीकलीवर शून्य वर कापेपर्यंत शेअर तळापासून बराच वर आलेला असतो हे अगदी खरं. हा इंडिकेटर सरासऱ्यांचा आहे, सरासरी कायम मागूनच येणार. तळ पकडायचा असेल तर एमएसीडी तुमच्या कामाचा नाही. पण मोठा ट्रेंड महिनोनमहिने चालतो आणि त्याचा मधला भाग मिळाला तरी पुष्कळ. आठवड्यातून एकदा, शनिवारी निवांत चार्ट उघडायचे, बस्स. निफ्टीचंच बघा, २७ सप्टेंबर २०२४ ला २६,२७७ चा उच्चांक लागला आणि एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला २१,७५० च्या खाली गेली. इतके महिने उतरण चालू असताना रोज कुठल्या ना कुठल्या शेअरमध्ये डेली चार्टवर 'बाय' क्रॉसओव्हर येतच होते. वीकली बघणारा त्यातल्या बऱ्याच ट्रेडपासून आपोआप लांब राहतो.

एकरकमीचं म्हणाल तर ते इंडिकेटरवर सोडू नका. तीन-चार भाग करा, एकाच शेअरात नको, आणि पुढच्या सीझनचा खर्च, खतं, फवारणी, राखण, मजुरी, हे बाजूला काढूनच उरलेले. हे पैसे मोहोर यायच्या आधी लागणार आहेत ते तुम्हाला माहीत आहे, बाजाराला माहीत नाही.

गुहागर_गणित:
मी गणित शिकवते त्यामुळे ते ७ दिवसांचं वाक्य वाचून वहीच काढली. बरोबर आहे. ईएमएचा मागे राहण्याचा काळ म्हणजे कालावधीतून १ वजा करून भागिले २. १२ साठी ५.५, २६ साठी १२.५. फरक ७. हे फक्त भाव सरळ रेषेत वाढत असेल तर अचूक, पण विचार करायला फार उपयोगी आहे, कारण यावरून एमएसीडीचा आकडा म्हणजे 'अलीकडे रोज सरासरी किती रुपये वाढला' त्याच्या साधारण सातपट असं धरता येतं. म्हणजे एखाद्या शेअरचा एमएसीडी ३५ दिसला तर रोज ५ रुपयांची चाल.

यातून आणखी दोन गोष्टी निघतात ज्या कोणी सांगत नाही. पहिली, दोन शेअरांचे एमएसीडी एकमेकांशी लावून बघू नका. एमआरएफ जून २०२३ मध्ये लाखाच्या वर गेला, त्याचा एमएसीडी हजारात दिसेल आणि १०० रुपयांच्या शेअरचा २-३, याचा अर्थ एमआरएफमध्ये जास्त जोर आहे असा होत नाही. तुलना करायची तर पीपीओ (पर्सेंटेज प्राइस ऑसिलेटर) लावा, तो तोच फरक २६ च्या ईएमएच्या टक्क्यात देतो. आणि आरएसआय या दुसऱ्या इंडिकेटरसारखं याला ० ते १०० चं कुंपण पण नाही, त्यामुळे 'एमएसीडी ओव्हरबॉट (प्रमाणाबाहेर चढलेला) झाला' या वाक्याला अर्थ नाही.

दुसरी, नवीन आयपीओवर लावू नका. पहिला एमएसीडी यायला २६ कॅन्डल (चार्टवरचा एकेका दिवसाचा किंवा आठवड्याचा भावाचा खांब) लागतात आणि त्यावर सिग्नल यायला ९ आकडे, म्हणजे निदान ३४ कॅन्डल. डेलीवर दीड महिन्याच्या वर, वीकलीवर जवळजवळ ८ महिने. त्याच्या आधी ॲप काही दाखवत असेल तर ते कच्चं आहे. दोन ॲपवर एकाच शेअरचा आकडा थोडा वेगळा दिसतो तोसुद्धा यामुळेच, कोणी किती जुना डेटा घेऊन सरासरी सुरू केली त्यावर अवलंबून.

मिऱ्याबंदर:
ताई, हे शेवटचं फार महत्त्वाचं. आणि बोनस किंवा स्प्लिट झालेल्या शेअरचा चार्ट ॲडजस्ट केलेला आहे ना ते पण बघा, नाहीतर १:१ बोनसला भाव अर्धा झालेला दिसतो आणि एमएसीडी खड्ड्यात जातो, प्रत्यक्षात काही घडलेलं नसतं.

अलिबागची_सुमी:
धागा वाचून बरं वाटलं पण माझं एका मुद्द्यावर वेगळं मत आहे. सगळे १२-२६-९ ला धरून बसतात, का? ॲपमध्ये तयार येतं म्हणून. अपेल स्वतः खरेदीसाठी जलद आणि विक्रीसाठी संथ अशा वेगळ्या जोड्या वापरायला सांगायचे, कारण बाजार पडताना आणि चढताना सारखा वागत नाही. मी जलद सेटिंग लावते, ८-१७-९, आणि मला एन्ट्री लवकर मिळते. बँकांच्या शेअरमध्ये तर खूपच फरक पडतो. तुम्ही म्हणता वीकली शून्याची वाट बघा, पण दोन-तीन आठवड्यांचा स्विंग करणाऱ्याने तोपर्यंत काय करायचं, ट्रेड संपलेला असतो हो.

मिऱ्याबंदर:
सुमीताई, जलद सेटिंगला माझा विरोध नाही, स्विंगसाठी लावा जरूर. पण फुकट काही मिळत नाही, जितकं लवकर कळतं तितक्या खोट्या हाका वाढतात. ८-१७ चा मागे राहण्याचा फरक ३.५ दिवस आणि ८, म्हणजे साडेचार दिवस, १२-२६ ला ७. तेवढा तो जास्त थरथरणार.

माझा विरोध आहे तो प्रत्येक शेअरला वेगळा आकडा शोधण्याला. मागच्या दोन वर्षांच्या डेटावर ९-२१-७ लावून फायदा दिसला म्हणून तो घ्यायचा, पुढच्या शेअरला १४-३०-११, हे म्हणजे झालेल्या गोष्टीला माप घेऊन सदरा शिवणं. बॅकटेस्ट, म्हणजे पद्धत जुन्या डेटावर चालवून बघणं, करायचाच असेल तर जुना डेटा दोन भागात तोडा, एका भागावर आकडे ठरवा आणि दुसऱ्या भागावर हात न लावता तपासा. आणि प्रत्येक व्यवहाराचा खर्च धरा. डिलिव्हरीला (शेअर डिमॅटमध्ये घेऊन ठेवायला) एसटीटी, म्हणजे व्यवहारावरचा करच, खरेदीवर ०.१ टक्का आणि विक्रीवर ०.१ टक्का. वर्षाच्या आत विकलं तर २३ जुलै २०२४ पासून शॉर्ट टर्मचा कर २० टक्के आहे, आधी १५ होता. जलद सेटिंगमध्ये व्यवहार वाढतात, आणि हा सगळा खर्च त्याच्याबरोबर.

अलिबागची_सुमी:
खर्चाचं मान्य. सेटिंग सगळ्या शेअरांना एकच ठेवते मी, प्रत्येकाला वेगळं नाही करत. पण वीकलीची चाळणी मी शून्याऐवजी वीकली हिस्टोग्राम वाढतोय का यावर लावते, मागच्या आठवड्यापेक्षा दांडा मोठा झाला की पुरे. त्याने लवकर आत जाता येतं आणि दिशेचा आधार पण राहतो. तुमच्या पद्धतीपेक्षा चुकीचे सिग्नल जास्त येतात हे खरंय, मग मी क्वांटिटी कमी ठेवते.

मिऱ्याबंदर:
हे पटलं. क्वांटिटी कमी ठेवून केलंत तर माझं काहीच म्हणणं नाही. शून्यावरची चाळणी मी सोडणार नाही मात्र, माझा स्वभाव तसा आहे.

मालवणी_दर्या:
नमस्कार सगळ्यांका. सगळा वाचलंय, इतक्या उलगडून कोणी सांगल्यान नव्हता. माझो ट्रॉलर असा, बंदीत दोन महिने बंदराक काय काम नाय, जाळ्यांचा काम सकाळीच आटपता. भाचो म्हणता लॅपटॉप घे, पाच मिनटांच्या चार्टार एमएसीडी लाव आणि रोज थोडा थोडा इंट्राडे कर, म्हणजे त्याच दिवशी घेवन त्याच दिवशी इकूचा, डिझेलचे पैसे सुटतीत. माका तां पटता पण आणि भीती पण वाटता. चलात काय?

लोटे_शिफ्टवाला:
दादा, थांबा. भाच्याला वाईट वाटू दे, पण हे आधी वाचा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने स्वतः अभ्यास केलाय. २०२२-२३ मध्ये कॅश मार्केटला इंट्राडे करणाऱ्या दर १० वैयक्तिक लोकांमधले ७ तोट्यात. आणि फ्युचर-ऑप्शनवाल्यांचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. ही माणसं काय इंडिकेटर न लावता बसली होती? बऱ्याच जणांच्या स्क्रीनवर एमएसीडी असणारच.

आता पाच मिनिटांचं बघू. बाजार ९.१५ ते ३.३०, म्हणजे ३७५ मिनिटं, पाच मिनिटांच्या ७५ कॅन्डल. २६ कॅन्डल म्हणजे १३० मिनिटं. म्हणजे सकाळी सव्वानऊला जो एमएसीडी दिसतो तो सगळा कालच्या दुपारवरून बनलेला असतो. त्यात रात्री अमेरिकेत काही झालं आणि आपल्याकडे गॅप-अप, म्हणजे कालच्या बंद भावापेक्षा एकदम वर, उघडलं की १२ ची ईएमए एकदम उडी मारते, २६ ची कमी, आणि पहिल्या दोन कॅन्डलमध्येच जोरदार 'बाय' क्रॉसओव्हर. हा ट्रेंड नव्हे, गॅपचा हिशोब आहे नुसता. आणि मग भाव तिथेच आडवा राहिला तरी २६ ची मागून वर येते, अंतर मिटतं, अकराच्या सुमाराला 'सेल'. भाव जागचा हललेला नसतो आणि तुमच्याकडून दोन वेळा ब्रोकरेज गेलेलं असतं. मी सकाळच्या शिफ्टला नसतो त्या आठवड्यात हे समोर बसून बघितलंय, परत परत तेच होतं.

मिऱ्याबंदर:
दर्यादादा, शिफ्टवाले भाऊ बरोबर सांगतायत. बंदीचे दोन महिने शिकायला वापरा. पैसे न लावता पाच शेअर निवडा, रोज साडेतीननंतर बंद भाव वहीत लिहा, वर मी केलं तसं दोन्ही ईएमए हाताने काढा. ऑगस्टमध्ये होडी परत दर्यात जाईल तेव्हा तुमच्याकडे वीकलीवर कसं बघायचं ते पक्कं झालेलं असेल, आणि त्याला दिवसभर स्क्रीन लागत नाही. डिझेलचे पैसे इंट्राडेतून सुटतील हा हिशोब धरू नका, मनापासून सांगतोय. ट्रॉलरचं कर्ज असेल तर त्या पैशाला तर अजिबात हात लावू नका.

मालवणी_दर्या:
कर्ज असा. बरा झाला इचारलंय तां. वही घेतंय.

सावंतवाडी_संध्या:
मला डायव्हर्जन्स समजावून सांगाल का कोणी? मला सगळीकडे असं वाचायला मिळतं की भावाने नवीन उच्चांक केला आणि एमएसीडीने नाही केला की शेअर पडणार. दोन वेळा असं दिसलं मला एकाच शेअरात आणि शेअर पडला तर नाहीच, अजून वर गेला. मग हे चुकीचं आहे का?

गुहागर_गणित:
संध्याताई, वरचं सातपटीचं वाक्य परत लावा, लगेच उलगडेल. पहिली चढण रोज ६ रुपयांची होती, एमएसीडी ४२ च्या आसपास गेला. मग शेअर थोडा थांबला, आणि दुसरी चढण रोज ४ रुपयांची. भाव पहिल्या उच्चांकाच्या वर जातो, एमएसीडी २८ लाच थांबतो. झाली डायव्हर्जन्स. यात 'पडणार' असं कुठे आहे? दुसरी चढण पहिलीपेक्षा सावकाश आहे इतकंच आहे. रोज ४ रुपये वाढणारा शेअर वाईट कसा? जोरदार ट्रेंडमध्ये पहिली चढण बऱ्याचदा सगळ्यात तीव्र असते, त्यामुळे पुढच्या प्रत्येक उच्चांकाला डायव्हर्जन्स दिसत राहते, दोनदा, तीनदा. शेवटची एकच खरी निघते आणि ती कुठली हे तेव्हा कळत नाही.

सावंतवाडी_संध्या:
अरे देवा, इतकं सोपं होतं. मग ती बघायचीच नाही का?

मिऱ्याबंदर:
बघायची, पण तिच्यावर विकायचं नाही. मी डायव्हर्जन्स दिसली की नवीन खरेदी थांबवतो आणि स्टॉपलॉस (ज्या भावाला तोटा थांबवून विकायचं तो भाव) वर सरकवतो, आधीच्या लहान तळाच्या खाली. भावाने तो तळ तोडला तर बाहेर, नाही तोडला तर शेअर चालू दे. निर्णय भावाचा, इंडिकेटरचं काम मला जागं करायचं.

देवगड_बागायत:
आडव्या बाजाराचं कोणी बोललं नाही अजून. मी मागे एक शेअर बघत होतो, तो महिनोनमहिने एकाच पट्ट्यात, आणि एमएसीडीची रेघ शून्याच्या वर-खाली वर-खाली. प्रत्येक क्रॉसला घेतलं-विकलं असतं तर नुसता खर्च.

लोटे_शिफ्टवाला:
त्यासाठी मी एडीएक्स हा दुसरा इंडिकेटर सोबत लावतो, वेल्स वाइल्डर यांचा, १९७८ चा. १४ दिवसांचा ठेवायचा. २५ च्या वर असेल तर ट्रेंड आहे असं धरतात, २० च्या खाली आडवं. एडीएक्स दिशा सांगत नाही, जोर सांगतो, पडण्याचा जोर असला तरी तो वरच दिसतो, त्यामुळे दिशा एमएसीडीच्या शून्यावरून आणि जोर एडीएक्सवरून. एमएसीडीबरोबर आरएसआय, स्टोकॅस्टिक असे आणखी चार लावून काही फायदा नाही, सगळे भावावरूनच काढलेले असतात, एकच माणूस चार आवाजात बोलल्यासारखे सगळे एकदम 'हो' म्हणतात आणि आपल्याला वाटतं खात्री झाली. त्यापेक्षा व्हॉल्यूम बघा, ती माहिती निदान वेगळी आहे.

अलिबागची_सुमी:
हे हजार टक्के खरं. स्क्रीनरवर (अटी घालून शेअर गाळून देणाऱ्या साइटवर) रोज संध्याकाळी क्रॉसओव्हरवाले शेअर काढले तर यादीच्या यादी येते, त्यात वीकलीची चाळणी आणि सरासरीपेक्षा जास्त व्हॉल्यूम लावलं की मोजकेच उरतात, मग ते चार्ट एकेक करून डोळ्याने बघायचे. न बघता घ्यायचं नाही.

निवळी_फाटा:
मी नुसता वाचक, पण एक विचारतो. निवडणुकीच्या निकालासारख्या दिवशी हा काय उपयोगी?

मिऱ्याबंदर:
काहीच नाही. ३ जून २०२४ ला एक्झिट पोलनंतर निफ्टी ३ टक्क्यांवर वाढून विक्रमी २३,२६४ ला बंद झाली, एमएसीडी छान वर. ४ तारखेला लोकसभेची मतमोजणी, निफ्टी जवळजवळ ६ टक्के खाली, २१,८८५ ला बंद. आणि ७ तारखेला परत २३,२९०, नवीन विक्रमी बंद. या चार-पाच दिवसांत डेली एमएसीडीच्या मागे धावणारा माणूस खाली विकून वर घेत बसला असता. बातमी भावात आल्याशिवाय या इंडिकेटरला कळत नाही. अशा दिवसासाठी एकच उपाय, आधीच किती क्वांटिटी घेतलीय तो. समजा भांडवल २ लाख, एका ट्रेडला १ टक्का म्हणजे २,००० पेक्षा जास्त गमवायचे नाहीत असं ठरवलं. ५०० चा शेअर, स्टॉपलॉस ४७५ ला, फरक २५ रुपये. २,००० भागिले २५, ८० शेअर. म्हणजे ४०,००० ची खरेदी, त्याच्या वर नाही. क्रॉसओव्हर कितीही देखणा असू दे.

निवळी_फाटा:
आणि पावसात आमच्याकडे वादळ झालं की लाइट जाते, टॉवर पण बंद, दोन-दोन दिवस. तेव्हा स्टॉपलॉस कोण बघणार?

अलिबागची_सुमी:
जीटीटी (गुड टिल ट्रिगर्ड ऑर्डर) लावून ठेवा, ट्रिगर भाव आला की ऑर्डर ब्रोकरकडून आपोआप जाते, तुमचा फोन चालू असायची गरज नाही. फक्त ती लिमिट ऑर्डर जाते, म्हणजे ठरवलेल्या भावाच्या खाली विकत नाही, हे लक्षात ठेवा. ट्रिगर ४७५ आणि लिमिट ४७४ ठेवलीत आणि शेअर ४६० ला गॅप-डाउन उघडला तर ती तशीच पडून राहील, विकली जाणार नाही. म्हणून लिमिट ट्रिगरपेक्षा चांगली खाली ठेवायची. आणि जूनच्या आधी सगळ्या होल्डिंगला लावून मोकळं व्हा, वादळ आल्यावर नाही.

निवळी_फाटा:
हे माहीतच नव्हतं, मी एक रुपयाच खाली ठेवत होतो. आजच बदलतो.

देवगड_बागायत:
शेवटचा प्रश्न विचारतो. वीकली चार्ट मी बुधवारी उघडला तर त्यात चालू आठवड्याची कॅन्डल पण दिसते आणि एमएसीडी शून्याच्या वर गेलेला दिसतो. हा धरायचा का?

मिऱ्याबंदर:
नाही धरायचा. ती कॅन्डल अजून चालू आहे, शुक्रवारी साडेतीनला बंद होईपर्यंत आकडा रोज बदलत राहणार. बुधवारी वर दिसलेला शुक्रवारी खाली जाऊ शकतो आणि मग चार्टवर त्या क्रॉसची खूण पण राहत नाही, त्यामुळे जुना चार्ट बघताना असं वाटतं की हा कधी फसवतच नाही. डेलीला पण तेच, साडेतीननंतरच बघा. तुम्ही शनिवारी सकाळी बागेतून आल्यावर बघा म्हणतो ते याचसाठी. वाटल्यास या शनिवारी तुमच्या यादीतले दोन-तीन शेअर इथे टाका, आपण सगळे मिळून वीकली बघू, गुहागरच्या ताई आकडे तपासतील.

गुहागर_गणित:
तपासते की. फक्त बंद भाव तारखेसकट टाका, स्क्रीनशॉट नको.